सोबतच्या माणसाची मोटारसायकल

काचेखालच्या फटीतून माझा अर्ज जसा गेला तसाच परत आला. शिक्का नाही, खूण नाही. लावलेली टाचणीसुद्धा कुणी काढली नव्हती. सात नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी तो एका बोटानं पुढे सरकवला, आधी रुमालात शिंकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "तुम्ही मालक होऊ शकत नाही." बाई वाईट नव्हत्या. आवाजात उर्मटपणा नव्हता, उलट सर्दीमुळे तो जरा मायेचाच वाटत होता. मी मोटारसायकलच्या तपासणीचा कागद पुढे केला. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळ्यापुढे बरोबरच्या खुणा होत्या. "गाडीत काहीच दोष नाही," त्या म्हणाल्या, "तुमच्या परवान्यावर काय लिहिलंय ते बघा." मी बघितलं नाही, मला ते पाठ होतं. इथं परक्या माणसाला राहायचा परवाना मिळतो तो प्लॅस्टिकच्या कार्डावर. त्यावर माझा फोटो, फोटोखाली नाव, नावाखाली एक शब्द. त्या शब्दाचा अर्थ 'सोबतची व्यक्ती' असा होतो. कुणाच्या सोबतची, तर त्याखालच्या ओळीत माझ्या बायकोचं नाव. बाई समजावून सांगू लागल्या. वाहन ज्याच्या नावावर तो त्याला जबाबदार, आणि सोबतच्या व्यक्तीला स्वतंत्रपणे जबाबदार धरता येत नाही. "उद्या तुमच्या पत्नी नोकरी सोडून परत गेल्या, तर तुमचा परवाना आपोआप संपतो. मग गाडीचं उत्तर कुणी द्यायचं?" मी मान डोलावली. मला ते पटलं, हीच तर पंचाईत. वीस वर्षं सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला नियम चटकन पटतात, स्वतःच्या विरुद्ध असले तरी. बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणला. "दोन रस्ते आहेत. पत्नींच्या नावावर करून टाका, पाच मिनिटांचं काम. नाहीतर त्यांनी इथं यायचं, माझ्यासमोर संमतीपत्रावर सही करायची, की जबाबदारी माझी, पण मालक हे. त्याला सहा आठवडे लागतात, पण गाडी तुमच्या नावावर होते. काय ते नीट ठरवून या. इतक्या जुन्या गाडीला नाव एकदाच लागतं, पुन्हा बदलत नाही." गाडीचे कागद त्यांनी ठेवून घेतले आणि गुरुवारी दुपारी दोनची वेळ एका चिठ्ठीवर लिहून दिली. मी ती खिशात नीट घडी करून ठेवली आणि बाहेर आलो.

बाहेर ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. बसथांब्याच्या बाकावर बसलो आणि एकामागून एक तीन बस जाऊ दिल्या. घाई कुणाला होती? घरी जाऊन कुकर लावायचा होता एवढंच. इथं आल्यापासून सव्वातीन वर्षं मी कुकर चांगला लावतो. घराचा करार तिच्या नावावर, वीज तिच्या नावावर, माझ्या खिशातला फोनसुद्धा तिच्या नावावर. खाली पत्रपेटीवर तिचं एकटीचं नाव आहे, कारण पट्टीवर एकच ओळ बसते. वाचनालयात गेलो, तर तिथल्या माणसानं अगदी हसून विचारलं, की कार्ड कुणाच्या कार्डाला जोडू? धाकटा भाऊ फोनवर म्हणतो, "दादा, तू काय बाबा, वहिनीच्या सामानातून गेलास!" आणि खो खो हसतो. मीही हसतो. हसण्यावारी नेणं मला लहानपणापासून जमतं. पण फोन ठेवला की वाटतं, गड्या, सामानालासुद्धा मालकाच्या नावाची चिठ्ठी लावतात, ती हरवलं तर परत मिळावं म्हणून. आपलं तसंच आहे की. आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. बायको नर्स आहे, मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं रक्त शुद्ध करायच्या विभागात आठ-आठ तास उभी असते, तिच्या जिवावर घर चालतं, आणि मी बसून काय सांगणार, तर पत्रपेटीवर माझं नाव नाही! ऐकणारा म्हणेल, सुख दुखतंय याला.

तिकडे असताना मी पाणीपुरवठा खात्यात आरेखक होतो. हातानं नकाशे काढायचो. टाक्या, जलवाहिन्या, झडपा, चढउतार. ट्रेसिंग पेपरावर शाईची रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा आणि रेघ संपली की सोडायचा, ही सवय अजून आहे. कांदा चिरतानासुद्धा मी श्वास रोखतो. नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असायची. आखणी, तपासणी, मंजुरी, असे तीन रकाने. तपासणी आणि मंजुरीतली माणसं बदलत राहिली, बढत्या घेऊन गेली, निवृत्त झाली. आखणीच्या रकान्यात वीस वर्षं माझी आद्याक्षरं. ती मी शेवटी काढायचो, जरा वेळ लावून. कुणी बघत नसे. आयुष्यात ज्यांनी पाण्याचा नळ सोडला, त्यांच्यातल्या एकानंही कधी तो कोपरा बघितला नसेल, पण मला पुरत होतं. मग संगणक आले, आमच्या टेबलांवर कव्हरं पडली, आणि साहेबांनी बोलावून सांगितलं की स्वेच्छेनं निवृत्त व्हायचं आहे. कुणाच्या स्वेच्छेनं ते मी विचारलं नाही. त्याच सुमारास हिला इकडच्या नोकरीचं पत्र आलं. "अहो, तुमच्याशिवाय मी एकटी कशी जाऊ?" ती म्हणाली. तेव्हा तो प्रश्न मला फार गोड लागला होता. तिला माझी सोबत हवी होती आणि मी सोबत गेलो. त्या शब्दाचं कार्ड होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही, तिच्याही नसणार.

मोटारसायकल माझ्या वाट्याला आली ती नकाशामुळेच. मागच्या गल्लीत एक गॅरेज आहे. तिथला मेकॅनिक सत्तरीचा, पोट सुटलेला, कानात कायम कापसाचा बोळा. त्याची भाषा मला निम्मी येते, माझी त्याला अजिबात येत नाही. गॅरेजचा परवाना नवा करायला त्याला जागेचा नकाशा हवा होता आणि तो कागदावर काहीतरी कोंबडीच्या पायांसारखं काढत बसला होता. मला राहवलं नाही. घरून पट्टी आणली, जागा मोजली, दोन दिवसांत नकाशा काढून दिला. त्यानं तो बराच वेळ उजेडाकडे धरून बघितला आणि शिटी वाजवली. तेव्हापासून तो मला त्याच्या भाषेत पट्टीवाला म्हणतो. बदल्यात त्यानं मला गॅरेजच्या मागे नेलं आणि ताडपत्री उचलून एक मोटारसायकल दाखवली. मोटारसायकल म्हणजे काय, सांगाडा. चाकं गंजलेली, टाकीला पोचा, इंजिन खोक्यात. "ने," तो म्हणाला, "मरायच्या आधी ही चालू झालेली मला बघायची होती, पण आता माझे हात थरथरतात." आधीच्या मालकानं हक्क सोडल्याचा कागदही त्यानं फडताळातून शोधून दिला. म्हणजे ती कुणाचीच नव्हती. इमारतीच्या तळघरात आमच्या वाट्याचा जाळीचा गाळा आहे, तिथं ती नेऊन ठेवली आणि आठ महिने मी तिथंच होतो. ही ड्यूटीवर गेली की भांडी घासायची आणि खाली उतरायचं. इंजिनाचा एकेक भाग सुटा करून वर्तमानपत्रावर मांडला आणि प्रत्येकाचं चित्र काढून ठेवलं, परत कुठं बसतो त्यासह. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या, क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटल्या होत्या. चाकाची आऊट काढायला, म्हणजे ते न डगमगता सरळ फिरेल असं करायला, मला नऊ दिवस लागले. आरा अर्धा-पाव फेरा आवळायचा, चाक फिरवायचं, खडू धरायचा, खडू जिथं लागेल तिथं पुन्हा सैल करायचा. मेकॅनिक अधूनमधून यायचा, स्टुलावर बसून बघायचा. "पट्टीवाल्या, चाक फिरायला करतोस की देवळात ठेवायला?" असं काहीसं म्हणायचा, निदान मला तसं समजायचं. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला अकराव्या किकेला ती सुरू झाली. तळघर आवाजानं भरलं. मेकॅनिकनं कानातला बोळा काढला, ऐकलं, आणि परत घातला. मी मात्र तोंड फिरवून रडलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, हात ग्रीसनं काळे, डोळे पुसायची सोय नाही, आणि घळाघळा रडतोय. सव्वातीन वर्षांत मी इथं केलेली ती पहिली गोष्ट होती. ती माझी आहे असं कुठंतरी, कुठल्यातरी कागदावर लिहिलेलं असावं, एवढंच मला वाटायला लागलं, आणि ते वाटणं मग काही केल्या जाईना.

तर आता बायकोला सांगायचं होतं. ती संध्याकाळी आली आणि नेहमीसारखी कोमट पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसली. मी टॉवेल नेऊन दिला. "गुरुवारी दोन वाजता त्या वाहनांच्या कचेरीत जावं लागेल," मी म्हणालो, "तुझी सही लागते." "कसली?" "गाडीची." "मग जाऊ की," ती म्हणाली, "त्यात काय एवढं? बुधवारी रात्रपाळी आहे माझी, गुरुवारी मोकळीच आहे." आणि तिनं डोळे मिटले. इथं मी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, बसथांब्यावर बसूनच घोटवलेलं. मला ती माझ्या नावावर हवी आहे. सात शब्दसुद्धा नाहीत. पण ते तोंडातून निघेना. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली आणि एकवीस वर्षांत मी तिला बरंच काही सांगितलं, हे कर, ते आण, इथं सही कर. पण तिच्याकडे काही मागितलं असं आठवत नाही. वडिलांनी आईकडे मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. ते हात नुसता पुढे करायचे आणि आई त्यात तांब्या द्यायची. घरातल्या पुरुषाला मागायची पाळी येऊ नये, अशी सगळी रचना. आणि आता मागायचं ते काय, तर स्वतःचं नाव. शिवाय डोळ्यांसमोर ती खिडकी यायची. बाई शिंकतायत, मी बाजूला उभा, आणि ही वाकून सही करतेय, की होय, यांना मालक होऊ द्यायला माझी हरकत नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालक करतात तसली सही. म्हटलं, तिथं गेल्यावर बाईच समजावून सांगतील तिला. आपण का तोंड विटाळायचं? म्हणजे काम बाईंवर ढकललं. सरकारी नोकरीतली जुनी खोड.

मंगळवारी पुन्हा प्रयत्न केला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "त्या गाडीचं असं आहे," मी सुरुवात केली, "की ते विचारतील कुणाचं नाव..." "अहो, तुम्हाला सांगायचं राहिलं," ती म्हणाली, "तो म्हातारा गेला आज, खिडकीजवळच्या खाटेवरचा. सहा वर्षं येत होता. सुई टोचताना दर वेळी मला विचारायचा, तुझ्या घरी सगळे बरे आहेत ना?" तिचा हात घडीवर तसाच राहिला. आता अशा वेळी माणूस काय म्हणणार? मी तिच्याजवळ बसलो. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "काय म्हणत होता तुम्ही?" "काही नाही," मी म्हणालो, "गाडीचं." "आहे लक्षात माझ्या," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्या थोपटण्यानं मला वाटलं, की हिला कळलंय. बायकांना न बोलता कळतं असं आपण म्हणतो. फार सोयीचं आहे ते. आठ महिने तिनं माझी काळी नखं बघितली, तळघरातून वर येणारा माझा चेहरा बघितला. तिला कळलं असणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्या रात्री शांत झोपलो.

गुरुवारी सकाळी शर्टाला इस्त्री करत होतो. कचेरीत जायचं म्हणून पांढरा काढला होता. बाही झाली, कॉलर राहिली होती, तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं. साडेअकरा झाले होते. ती नऊलाच यायला हवी होती, पण बस चुकली असेल असं मी धरून चाललो होतो. ती आत आली, चपला काढल्या आणि पिशवीतून तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर इस्त्रीच्या फळीवर ठेवलं. तिचा चेहरा ओढलेला होता, पण हसत होती. "उघडा," म्हणाली. कागदाच्या आत नंबरची पट्टी होती. नवी कोरी, अक्षरं उठावदार, हाताला गार. "रात्रपाळी सुटली आणि बस त्या कचेरीवरूनच येते ना," ती सांगू लागली, "म्हटलं दुपारी पुन्हा कशाला दोघांनी खेटे घालायचे? उतरले. सात नंबरच्या खिडकीत एक शिंकणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सगळं काढूनच ठेवलं होतं. विचारलं, कसं करायचं? तुमच्या नावावर आत्ता होईल, त्यांच्या नावावर सहा आठवडे. म्हटलं सहा आठवडे कोण थांबतंय? थंडी सुरू होईल तोवर. आठ महिने खपलात, आता चार दिवस फिरवायला नको का तुम्हाला? म्हटलं, घाला माझं नाव आणि मोकळ्या व्हा." मी विचारलं, पुन्हा बदलत नाही हे बाईंनी सांगितलं का? "सांगितलं की. दोनदा सांगितलं. म्हटलं, आम्हाला कुठं बदलायचंय? नवराबायकोत कसलं तुझंमाझं!" तिनं दुसरा कागद दिला. नोंदणीचा दाखला. मालक, आणि पुढे तिचं नाव. मी तो खालपर्यंत वाचला. गाडीचा रंग होता, इंजिनाचा क्रमांक होता, बनवल्याचं वर्ष होतं. माझं नाव कुठंच नव्हतं. आठ महिने ज्या बोल्टांना मी हात लावला, त्यांचं वजनसुद्धा किलोत दिलेलं होतं. "छान झालं," मी म्हणालो. आवाज बरा निघाला. इस्त्रीखालून जळका वास आला तेव्हा ती चटकन पुढे झाली आणि तिनं बटण बंद केलं.

ती सोफ्यावर आडवी झाली, अंगावरचे कपडेही न बदलता. मी समोर खुर्चीवर बसून होतो. मला राग यायला हवा होता आणि मी तो शोधत होतो, पण तो धरायला जागाच नव्हती. रात्रभर उभी राहिलेली बाई माझ्यासाठी दोन तास रांगेत उभी राहिली होती. आणि तिथं बसल्याबसल्या, काही कारण नसताना, मला एकोणीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. हिची नोकरी तेव्हा नवीन होती. पगारातून जमवून तिनं स्कूटर घेतली होती, पोपटी रंगाची. रंग तिनं तीन दुकानं फिरून निवडला होता. नोंदणीला तिला रजा मिळेना, म्हणून मी गेलो. मोठ्या मनानं गेलो. रांगेत उभा राहिलो, अर्ज भरला आणि मालकाच्या रकान्यात माझं नाव घातलं. विचार करून घातलं असंही नाही. माझे दाखले पिशवीत होते, तिचे घरी होते, कारकून घाई करत होता, आणि घरातली गाडी पुरुषाच्या नावावर असते हे मला कुणी शिकवलंही नव्हतं, ते माहीतच होतं. संध्याकाळी नोंदणीचं पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं, वाचलं, मग उलटून मागची कोरी बाजूही बघितली, मागे काहीतरी लिहिलेलं असेल अशा अपेक्षेनं. "छान झालं," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, दमली असेल. बारा वर्षं ती ती स्कूटर घेऊन हॉस्पिटलला गेली. विकली तेव्हाही सही माझीच लागली आणि त्या दिवशीही तिला रजा मिळाली नव्हती. ती कागद उलटून का बघत होती, हे मला आज, या परक्या घरात, एकोणीस वर्षांनी कळत होतं. वाटलं, उठावं आणि तिला सांगावं, माझं चुकलं. सगळं सांगावं, तिचंही आणि माझंही. आज बोललो तर काहीतरी सुटेल, आज नाही तर कधीच नाही, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी खुर्ची पुढे ओढली.

"ऐकतेस का? तुझी ती पोपटी स्कूटर आठवते तुला?"

"कुठली हो?" तिचे डोळे मिटलेलेच होते.

"तुझी. हॉस्पिटलला न्यायचीस ती."

"हां, ती होय," ती म्हणाली आणि कुशीवर वळत जांभई दिली. "ती तुमची होती ना?"

मी थांबलो. तिच्या आवाजात टोमणा आहे का, ते ऐकलं. टोमणा असता तर मी तिथंच तिचे पाय धरले असते. पण नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. असं वाटायला लागेपर्यंत किती वर्षं जावी लागतात, हे मला तिला विचारायचं होतं, पण तिला झोप लागली होती.